आंब्यावरील फळमाशी आणि वेलवर्गीय फळमाशी : ओळख, फरक व व्यवस्थापन

कारल्याच्या प्लॉटमध्ये फळमाशीचे सापळे लावले, आठवड्याभरात त्यांत भरपूर माश्या सापडल्या, तरीही तोड्याला निम्मी कारली वाकडी आणि अळीची निघाली, अशी तक्रार दर खरिपात ऐकू येते. सापळा खराब नसतो, माश्याही खऱ्याच असतात. बहुतेक वेळा त्या सापळ्यात आंबा-पेरूच्या फळमाशीचा ल्युर असतो आणि पकडलेल्या माश्या शेजारच्या पेरूच्या बागेतल्या असतात. कारल्याला डंख मारणारी माशी त्या सापळ्याकडे फिरकतच नाही.

महाराष्ट्रात फळे आणि भाजीपाल्याचे सर्वाधिक नुकसान करणाऱ्या फळमाश्यांत दोन प्रजाती प्रमुख आहेत. दोघींना आपण ‘फळमाशी’ या एकाच नावाने ओळखतो. दिसायला त्या बऱ्यापैकी सारख्या आहेत, नुकसानही सारखेच करतात. मात्र ज्या गंधाकडे त्या खेचल्या जातात तो गंध, डंख मारण्याची वेळ आणि दिवसभर बसण्याची जागा या तिन्ही गोष्टी दोघींच्या वेगळ्या आहेत. त्यामुळे एकीसाठीचा उपाय दुसरीवर लागू पडेलच असे नाही. या लेखात दोन्ही माश्यांची ओळख, त्यांच्यातील फरक, दोघींचे स्वतंत्र व्यवस्थापन आणि आरोग्याशी संबंधित मुद्दे दिले आहेत.

दोन माश्या कोणत्या?

१) आंब्यावरील फळमाशी. शास्त्रीय नाव बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. हिला ओरिएंटल फळमाशी असेही म्हणतात. आंबा आणि पेरू ही हिची आवडती पिके. त्याशिवाय चिकू, पपई, बोर, सीताफळ, लिंबूवर्गीय फळे, केळी अशा अनेक फळांत ती अंडी घालते. जगभरात तीनशेहून अधिक वनस्पतींवर हिची नोंद आहे.

२) वेलवर्गीय फळमाशी. शास्त्रीय नाव झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. जुन्या पुस्तकांत हीच माशी डॅकस कुकुर्बिटी किंवा बॅक्ट्रोसेरा कुकुर्बिटी या नावाने सापडते. कारली, दोडका, घोसाळी, काकडी, दुधी, लाल भोपळा, पडवळ, टरबूज, खरबूज, तोंडली, करटोली ही हिची मुख्य पिके. टोमॅटो आणि शेंगवर्गीय भाज्यांवरही ती क्वचित आढळते.

आंब्याच्या बागेतील सापळ्यात या पहिल्या माशीबरोबर बॅक्ट्रोसेरा झोनाटा आणि बॅक्ट्रोसेरा करेक्टा या जवळच्या प्रजातीही सापडतात. त्यांचे व्यवस्थापन आंब्यावरील फळमाशीसारखेच असल्याने येथे त्यांचा वेगळा विचार केलेला नाही.

पिकलेल्या केळ्यांवर किंवा कापलेल्या फळांवर घोंगावणारी लाल डोळ्यांची चिलटे म्हणजे या फळमाश्या नव्हेत. चिलटे ड्रोसोफिला गटातील असून ती बहुतांशी जास्त पिकलेल्या आणि आंबू लागलेल्या फळांवर येतात. या लेखातील दोन्ही माश्या झाडावरच्या चांगल्या फळाची साल भेदून आत अंडी घालतात. नुकसान मोठे होते ते यामुळेच.

कशा ओळखाल?

दोन्ही माश्या आकाराने घरमाशीएवढ्या किंवा किंचित मोठ्या, साधारण ६ ते ८ मिलिमीटर असतात. सापळ्यातील मेलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून पाहावी. चार खुणा तपासाव्यात.

- अंगाचा रंग : आंब्यावरील फळमाशीची पाठ बहुतांशी काळी किंवा गडद तपकिरी असते. वेलवर्गीय फळमाशी एकंदरीत तांबूस-पिवळसर दिसते.
- पाठीवरील पिवळे पट्टे : आंब्यावरील फळमाशीच्या पाठीवर दोन्ही बाजूंना एक-एक असे दोन पिवळे पट्टे असतात. वेलवर्गीय फळमाशीला हे दोन आणि मधोमध आणखी एक असे तीन पट्टे असतात. शेतावर ओळखायला ही सर्वांत सोपी खूण आहे.
- पंख : आंब्यावरील फळमाशीचे पंख जवळपास पारदर्शक असून पुढच्या कडेला बारीक गडद रेघ असते. वेलवर्गीय फळमाशीच्या पंखाच्या टोकाला ठळक तपकिरी डाग आणि पंखावर आडवा गडद पट्टा दिसतो.
- पोट : आंब्यावरील फळमाशीच्या पोटावर इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी काळी खूण असते. वेलवर्गीय फळमाशीतही अशी खूण दिसू शकते, म्हणून केवळ या खुणेवरून निर्णय घेऊ नये. पट्टे मोजावेत आणि पंख पाहावेत.

मादीच्या पोटाच्या शेवटी सुईसारखा टोकदार अंडी घालण्याचा अवयव असतो. नराला तो नसतो. ल्युरच्या सापळ्यात जवळजवळ सर्व माश्या नरच असतात, त्याचे कारण पुढे दिले आहे.

अळीच्या अवस्थेत दोघींमधला फरक शेतकऱ्याला डोळ्यांनी ओळखता येत नाही. दोघींच्या अळ्या पिवळसर पांढऱ्या, बिनपायांच्या आणि एका टोकाला निमुळत्या असतात. फळ फोडून अळी हातावर घेतली की पूर्ण वाढलेली अळी शरीराचे कडे करते आणि टुणकन उडी मारते. अशी उडी पाहिली की अळी फळमाशीची आहे असे समजावे. फळ पोखरणाऱ्या पतंगवर्गीय अळ्यांना डोके आणि पाय स्पष्ट दिसतात व त्या अशी उडी मारत नाहीत.

जीवनक्रम

दोन्ही माश्यांचा जीवनक्रम साधारण सारखा आहे. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते. उष्ण हवेत एक-दोन दिवसांत अंडी उबतात. अळ्या साधारण आठवडाभर गर खातात. पूर्ण वाढलेली अळी फळातून बाहेर पडून जमिनीत शिरते आणि वरच्या काही सेंटिमीटर मातीत कोषावस्थेत जाते. कोष तपकिरी, गव्हाच्या दाण्यासारखा असतो. आठ-दहा दिवसांत त्यातून माशी बाहेर येते. अनुकूल हवामानात अंड्यापासून माशीपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात. थंडीत हा काळ लांबतो.

नवीन मादी लगेच अंडी घालत नाही. अंडी पक्व होण्यासाठी तिला साधारण आठ ते बारा दिवस लागतात आणि त्या काळात तिला साखर व प्रथिने खावी लागतात. पानांवरील मधासारखा चिकट स्राव, पक्ष्यांची विष्ठा, सूक्ष्मजीव यांतून ती हे अन्न मिळवते. विषारी आमिषाची पद्धत मादीच्या याच गरजेवर आधारलेली आहे.

या जीवनक्रमातून व्यवस्थापनासाठी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अंडी आणि अळी फळाच्या आत, कोष मातीत. या तिन्ही अवस्थांपर्यंत वरून केलेली साधी फवारणी पोहोचत नाही. उघड्यावर असते ती फक्त प्रौढ माशी.

फरक पहिला : कोणत्या फळाला, कधी डंख?

आंब्यावरील फळमाशी पक्वतेकडे झुकलेल्या फळाला पसंती देते. आंब्यात कोय पूर्ण टणक होऊन गर भरू लागला की धोका वाढतो आणि काढणीपर्यंत तो वाढतच जातो. कोकणात मार्च-एप्रिलमध्ये निघणाऱ्या हापूसला प्रादुर्भाव कमी असतो. मे महिन्यात वळवाच्या सरी पडल्या की मातीतील माश्या बाहेर येतात आणि उशिराच्या फळांचे नुकसान वाढते. केसर आणि रायवळ आंब्यांना त्याचा फटका जास्त बसतो.

पेरूत बहाराची निवड हाच मोठा उपाय ठरतो. आंबे बहाराची फळे पावसाळ्यात तयार होतात. त्या वेळी हवामान माशीला अनुकूल असते आणि आंबा संपल्यामुळे तिचा सगळा मोर्चा पेरूकडे वळतो. मृग बहाराची फळे हिवाळ्यात येतात, त्यांना प्रादुर्भाव बराच कमी असतो. ज्या भागात दरवर्षी पावसाळी पेरू किडतो, तेथे फवारण्या वाढवण्याआधी बहार बदलण्याचा विचार करावा.

वेलवर्गीय फळमाशीची आवड वेगळी आहे. तिला कोवळे फळ हवे असते. फूल गळून दोन-चार दिवसांची झालेली बोटभर कारली, दोडकी किंवा काकडी ती निवडते. काही वेळा ती फुलांत आणि कोवळ्या खोडातही अंडी घालते. त्यामुळे फळे मोठी झाल्यावर उपाय सुरू करणाऱ्याचे पहिले दोन-तीन तोडे गेलेलेच असतात. या पिकांत सापळे फुलोरा सुरू होण्यापूर्वीच लागलेले असावेत. पीक, हंगाम आणि जात यांनुसार वेलवर्गीय पिकांत या माशीने ३० टक्क्यांपासून अगदी पूर्ण पिकापर्यंत नुकसान झाल्याच्या नोंदी आहेत. दमट खरिपात प्रादुर्भाव सर्वाधिक असतो.

नुकसानीची लक्षणेही थोडी निराळी दिसतात. आंबा-पेरूवर बारीक टोचल्यासारखा डाग पडतो, त्याभोवतीचा भाग मऊ व तपकिरी होतो आणि फळ गळते. कोवळ्या काकडी-दोडक्यावर डंखाच्या जागी डिंकासारखा थेंब येतो व वाळून तपकिरी होतो. फळ त्या बाजूला वाकडे होते, अकाली पिवळे पडते आणि सडते. डंख मारूनही अंडी जगली नाहीत तर अळी सापडत नाही, पण फळ वाकडेच राहते आणि प्रतवारीत बाद होते.

फरक दुसरा : कोणता गंध?

बाजारात फळमाशीचे दोन प्रकारचे ल्युर मिळतात. आंब्यावरील फळमाशीचे नर मिथाइल युजेनॉलकडे येतात. वेलवर्गीय फळमाशीचे नर क्यू-ल्युरकडे येतात. एका ल्युरवर दुसरी माशी येत नाही. या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवावे.

मिथाइल युजेनॉलचा शोध भारतातच लागला. बिहारमधील पुसा येथील कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर झेपावतात हे १९१२ मध्ये नोंदवले आणि १९१५ मध्ये त्यामागचे द्रव्य मिथाइल युजेनॉल असल्याचे दाखवले. हे द्रव्य तुळशीतही असते. म्हणूनच चुरगळलेल्या तुळशीच्या पानांवर आंब्याच्या हंगामात या माश्या येऊन बसलेल्या दिसतात.

या ल्युरना व्यवहारात आपण ‘कामगंध’ म्हणतो, पण तो मादीचा गंध नाही. नराला आकर्षित करणारी ही वेगळी रसायने आहेत. त्यामुळे सापळ्यात नर अडकतात, मादी अडकत नाही. पुरेसे नर कमी झाले तर माद्यांचे मीलन होत नाही आणि पुढची पिढी घटते. सापळ्याचा उपयोग असा आडवळणाने होतो. बाहेरून मीलन झालेली मादी आपल्या प्लॉटमध्ये आली तर सापळा तिला अडवू शकत नाही.

दोन्ही ल्युरची ताकदही सारखी नाही. मिथाइल युजेनॉलचे आकर्षण अतिशय तीव्र असते, क्यू-ल्युरचे त्या मानाने कमी. प्रशांत महासागरातील रोटा या लहान बेटावर हा फरक स्पष्ट दिसला. १९६० च्या दशकात तेथे दोन्ही माश्या संपवण्यात आल्या. आंब्यावरील फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशकात भिजवलेले तुकडे बेटभर टाकून नर संपवणे पुरेसे ठरले. वेलवर्गीय माशीसाठी मात्र प्रयोगशाळेत वंध्य केलेल्या माश्या मोठ्या संख्येने सोडाव्या लागल्या. पुढे जपानच्या ओकिनावा भागातही हाच अनुभव आला. आंब्यावरील फळमाशी १९८६ पर्यंत नर नष्ट करून संपवली गेली. वेलवर्गीय माशीचे निर्मूलन १९७२ पासून १९९३ पर्यंत चालले आणि त्यासाठी अब्जावधी वंध्य माश्या सोडल्या गेल्या.

आपल्या शेतासाठी याचा अर्थ असा. आंबा-पेरूत योग्य वेळी, योग्य संख्येने आणि शक्यतो सर्व शेजाऱ्यांनी मिळून लावलेले सापळे प्रादुर्भाव बराच खाली आणू शकतात. वेलवर्गीय पिकांत केवळ सापळ्यांवर विसंबून चालत नाही. तेथे किडकी फळे वेचणे आणि मादीसाठी आमिष हे सापळ्याइतकेच महत्त्वाचे आहे.

फरक तिसरा : माशी बसते कुठे?

आंब्यावरील फळमाशी बहुतेक वेळ झाडाच्या पर्णसंभारातच, सावलीत असते. वेलवर्गीय फळमाशी मात्र दिवसाचा बराच वेळ पिकाबाहेर, बांधावरच्या मका, एरंड यांसारख्या उंच आणि रुंद पानांच्या झाडांवर बसते आणि मादी अंडी घालण्यापुरती वेलांवर येते. म्हणून वेलवर्गीय पिकात आमिषाची फवारणी वेलांपेक्षा कडेच्या मक्यावर केल्यास जास्त उपयोगी पडते. वेलवर्गीय पिकांत फळधारणा मधमाश्यांवर अवलंबून असल्याने फुलांवर कीटकनाशक न जाणे हा त्याचा दुसरा मोठा फायदा.

आंबा-पेरू बागेतील व्यवस्थापन

- सापळे : डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा किंवा तत्सम मिथाइल युजेनॉलचा सापळा हेक्टरी ४ प्रमाणे लावावा. फळे पक्व होण्याच्या किमान महिनाभर आधी सापळे लागलेले असावेत. ते झाडाच्या आतल्या बाजूस, सावलीत, माणसाच्या डोक्याच्या उंचीच्या आसपास टांगावेत. दोरीला थोडे ग्रीस लावल्यास मुंग्या आत जाऊन माश्या खात नाहीत आणि मोजणी चुकत नाही.
- पिशव्या : निवडक व निर्यातीच्या आंब्यांना फळ अंड्याएवढे झाल्यावर कागदी पिशव्या घालाव्यात. पेरूतही पिशवी हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. पिशवी डंख होण्यापूर्वी घालावी. डंख झालेल्या फळावर घातलेली पिशवी अळीचेच रक्षण करते.
- गळलेली फळे : बागेतील गळ रोज किंवा किमान दिवसाआड गोळा करावी. झाडाखाली पडलेले एक फळ अनेक माश्या तयार करते.
- वेळेवर काढणी : फळ झाडावर पिकू देऊ नये. पक्व झालेली फळे वेळेवर काढल्यास शेवटच्या, सर्वांत धोक्याच्या आठवड्यातून ती सुटतात.
- मशागत : काढणीनंतर झाडाखालची माती हलकी चाळावी. कोष उघडे पडून उन्हाने मरतात किंवा पक्षी खातात. घरच्या कोंबड्या बागेत सोडल्यास त्याही हे काम करतात.

कारली, दोडका, काकडी पिकांतील व्यवस्थापन

- सापळे : क्यू-ल्युरचे सापळे एकरी ५ ते ६ प्रमाणे, फुलोऱ्यापूर्वी लावावेत. मांडवाच्या पिकात ते मांडवाच्या पातळीला, जमिनीवरील वेलांत पिकाच्या थोडे वर असावेत.
- सापळा पीक : लागवडीच्या वेळी किंवा थोडे आधी प्लॉटच्या कडेने मक्याच्या ओळी पेराव्यात. फुलोऱ्याच्या वेळी मका पुरेसा उंच असला पाहिजे.
- आमिष : १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवून त्यात लेबलवर शिफारस असलेले कीटकनाशक मिसळावे आणि हे द्रावण मक्याच्या पानांच्या खालच्या बाजूला मोठ्या थेंबांनी, ठिकठिकाणी शिंपडावे. प्रथिनयुक्त तयार आमिष मिळाल्यास ते गुळापेक्षा सरस, कारण मादीला प्रथिनांची गरज असते. आठवड्याने आणि पाऊस झाल्यास पावसानंतर पुन्हा द्यावे.
- किडकी फळे : प्रत्येक तोड्याला वाकडी, पिवळी, डिंक आलेली फळेही तोडावीत. चांगला माल तोडून किडकी फळे वेलावर सोडणे ही या पिकातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे.
- परसबाग : थोड्या वेलांवर फळ तीन-चार सेंटिमीटरचे असतानाच कागदाची किंवा जाळीची पिशवी घालणे सहज जमते. औषधाची गरजच पडत नाही.

किडकी फळे कुठे टाकावीत?

दोन्ही माश्यांसाठी हा मुद्दा समान आहे आणि बहुतेक ठिकाणी नेमके येथेच काम कच्चे राहते. बांधावर, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकलेल्या फळांतून अळ्या बाहेर पडून मातीत जातात आणि तीन आठवड्यांत माश्या परत प्लॉटमध्ये येतात. वरवर पुरलेली फळेही निरुपयोगी, कारण कोषातून निघालेली माशी थोड्या मातीतून सहज वर येते. फळे किमान दीड ते दोन फूट खोल पुरून माती दाबावी. खड्डा खणणे शक्य नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून उन्हात दहा-पंधरा दिवस ठेवावीत. उन्हाने आतील अळ्या मरतात.

सापळ्यांची नोंद कशी ठेवावी?

दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी माश्या मोजून वहीत लिहाव्यात आणि सापळा रिकामा करावा. संख्या वाढू लागली की आमिष आणि वेचणी वाढवावी. ल्युर पाकिटावर दिलेल्या मुदतीत, साधारण दीड-दोन महिन्यांनी बदलावा. संख्या एकाएकी शून्यावर आली तर माशी संपली असे न समजता आधी ल्युरची मुदत तपासावी. एका सापळ्यात दोन्ही ल्युर एकत्र ठेवू नयेत. मिश्र शेती असेल तर दोन वेगळे सापळे, शक्य तेवढ्या अंतरावर लावावेत. ल्युर हाताळताना एकाचा हात दुसऱ्याला लागू देऊ नये.

आरोग्याचा विचार

चुकून फळाबरोबर फळमाशीची अळी पोटात गेली तर सहसा काही अपाय होत नाही, ती पचून जाते. खरा प्रश्न डंखातून आत शिरणाऱ्या जिवाणू-बुरशीचा आहे. सडलेल्या फळाने पोट बिघडू शकते, म्हणून अळी लागलेला भाग कापून उरलेले फळ खाण्यापेक्षा ते टाकून द्यावे. फळमाशी घरमाशीसारखी विष्ठेवरून अन्नावर बसत फिरत नाही. मात्र सडक्या फळांचे ढीग घराजवळ राहिले तर त्यावर घरमाश्या वाढतात आणि त्या रोग पसरवतात.

मोठा धोका कीटकनाशकांच्या अंशांचा आहे. काकडी, कारली, दोडका यांचे तोडे दोन-तीन दिवसांनी होतात. फळमाशी दिसली म्हणून वेलांवर फवारणी करून लगेच तोडा केला तर औषध थेट ताटात जाते, आणि काकडी तर आपण कच्चीच खातो. अळी फळाच्या आत असल्याने त्या फवारणीने ती मरतही नाही. लेबलवरील प्रतीक्षा कालावधी पाळावा. जुन्या पुस्तिकांतील शिफारशीही तपासून घ्याव्यात. उदाहरणार्थ, मॅलाथिऑनचा आंब्यासह काही पिकांवरील वापर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंद केला आहे.

ल्युर हाताळतानाही काळजी घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये मिथाइल युजेनॉलची नोंद ‘मानवात कर्करोगास बहुधा कारणीभूत’ अशा गटात केली. सापळ्यातून फळात काही उतरत नाही, त्यामुळे फळ खाणाऱ्याला याची भीती नाही. ल्युर बदलणाऱ्याने मात्र हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. ल्युर आणि रिकामे सापळे मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. सापळ्यासाठी वापरलेली पाण्याची बाटली पुन्हा पिण्यासाठी वापरू नये.

निर्यातीवर परिणाम

फळमाशी ही आयात करणाऱ्या देशांच्या दृष्टीने क्वारंटाइन कीड आहे. एका पेटीत एक जिवंत अळी सापडली तरी माल परत जाऊ शकतो. मालात फळमाशी आणि इतर किडी वारंवार सापडल्याने युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतातील आंब्यासह कारली, पडवळ, वांगी आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. आंब्यावरील बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. भाज्यांना त्यापुढेही वाट पाहावी लागली. या यादीत आंबा आहे तसे कारले आणि पडवळही आहे. म्हणजे दोन्ही माश्यांनी आपापल्या पिकाची बाजारपेठ अडवली होती.

आज जपानला जाणाऱ्या आंब्यावर बाष्प उष्णजल प्रक्रिया आणि अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया केली जाते. या प्रक्रिया शेवटची खबरदारी म्हणून असतात. डंख झालेले फळ त्याने पुन्हा चांगले होत नाही, त्यामुळे बागेतील व्यवस्थापनाला पर्याय नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सापळ्यामुळे माझ्या शेतात बाहेरच्या माश्या ओढल्या जातील का?
सापळा नरांना ओढतो आणि नर फळाला डंख मारत नाही. त्यामुळे सापळ्याने फळाचे नुकसान वाढत नाही. तरीही एकट्याच्या लहान प्लॉटमधील सापळ्यांचा फायदा मर्यादित राहतो. शिवारातील सर्वांनी एकाच आठवड्यात सापळे लावल्यास परिणाम कितीतरी चांगला मिळतो.

पिवळे चिकट सापळे चालतील का?
त्यावर काही फळमाश्या अडकतात, पण फळमाशीसाठी तो मुख्य उपाय होऊ शकत नाही. त्यावर मधमाश्या आणि मित्रकीटकही अडकू शकतात.

दुकानात फक्त ‘फळमाशी ल्युर’ असे लिहिलेले पाकीट मिळते. ओळखायचे कसे?
पाकिटावरील घटकाचे नाव वाचावे. मिथाइल युजेनॉल लिहिले असेल तर आंबा-पेरूसाठी, क्यू-ल्युर लिहिले असेल तर वेलवर्गीयांसाठी. घटकाचे नाव नसलेले पाकीट घेऊ नये.

आंबा आणि कारली दोन्ही पिके आहेत. कोणता ल्युर घ्यावा?
दोन्ही घ्यावेत आणि त्या-त्या पिकात त्याचाच लावावा.

थोडक्यात

पुढच्या वेळी सापळा रिकामा करताना दहा माश्या बाजूला काढून पाठीवरचे पट्टे मोजा. दोन पट्टे असतील तर ती आंबा-पेरूची माशी, तीन असतील तर वेलवर्गीयांची. सापळ्यात दोन पट्ट्यांच्या माश्या आणि मांडवावर कारली, अशी स्थिती असेल तर ल्युर त्याच दिवशी बदला. त्याबरोबर कडेच्या मक्यावर आमिष द्या आणि त्या दिवसापासून एकही किडके फळ बांधावर जाऊ देऊ नका. मातीतील कोष आधीच तयार असल्याने फरक लगेच दिसणार नाही. तीन आठवड्यांनंतरचे तोडे मात्र सुधारलेले दिसायला हवेत, तोवर नोंदी आणि वेचणी थांबवू नका.